स्टॅम्प पेपरवरची सोडचिठ्ठी आणि परस्पर संमतीचा घटस्फोट

दोन्ही घरची वडीलधारी माणसे बसतात, दागिने आणि भांडीकुंडी कोणाकडे जायची ते ठरते आणि स्टॅम्प पेपरवर लिहिले जाते, ‘आजपासून आमचा पती-पत्नी म्हणून कोणताही संबंध उरलेला नाही, दोघेही दुसरा विवाह करण्यास मोकळे आहोत.’ खाली दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार आणि नोटरीचा शिक्का. सह्या खऱ्या असतात, शिक्काही खरा असतो. पण हिंदू विवाह कायदा, १९५५ खाली झालेले लग्न त्या कागदाने मोडत नाही. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख जोडप्यांनाही लागू आहे. काही समाजांतील रूढीने चालत आलेली काडीमोड कलम २९(२) मान्य करते खरे, परंतु ती रूढी जुनी आणि अखंड आहे हे पुराव्याने सिद्ध करावे लागते. ‘आमच्यात असेच चालते’ एवढे सांगून भागत नाही.

अशा कागदावर विसंबून केलेले दुसरे लग्न कलम ११ नुसार शून्य ठरते, आणि पहिला जोडीदार हयात असताना लग्न करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. दुसऱ्या लग्नातील मुले हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ मुळे औरस मानली जातात. त्यांच्या आईला मात्र कायदेशीर पत्नीचा दर्जा मिळत नाही. पुष्कळदा हे तिला नवऱ्याच्या मृत्यूनंतर, कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज भरताना कळते, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

याउलट ‘आमच्या लग्नाची नोंदणीच नाही, मग घटस्फोट कशाला?’ असेही विचारले जाते. सप्तपदीने किंवा आपल्या समाजाच्या रीतीप्रमाणे विधिवत लागलेले लग्न नोंदणीवाचूनही वैध असते. नोंदणी हा त्याचा पुरावा आहे, आणि विधी न करता नुसते प्रमाणपत्र काढले तर तेवढ्याने हिंदू विवाह होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

दोघांनाही वेगळे व्हायचे असेल तर रीतसर मार्ग याच कायद्याच्या कलम १३-ब चा, म्हणजे परस्पर संमतीच्या घटस्फोटाचा आहे. त्यासाठी पती-पत्नी किमान एक वर्षापासून वेगळे राहत असावेत, एकत्र नांदणे शक्य नसावे आणि लग्न संपवण्यावर दोघांचे एकमत असावे. वेगळे राहणे म्हणजे पती-पत्नी म्हणून न राहणे. जागेअभावी एकाच छपराखाली राहणाऱ्या जोडप्यालाही हा अर्ज करता येतो.

अर्ज दोघांच्या सह्यांनी कौटुंबिक न्यायालयात आणि ते नसेल तेथे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे दाखल होतो. लग्न लागले ते ठिकाण, दोघे शेवटचे एकत्र राहिले ते ठिकाण किंवा पत्नी सध्या राहते ते ठिकाण, यांपैकी कोठेही तो करता येतो. सोबत विवाह प्रमाणपत्र, ते नसल्यास लग्नपत्रिका आणि लग्नातील फोटो, दोघांचे आधार कार्ड व पत्त्याचा पुरावा, मुले असल्यास त्यांचे जन्मदाखले, प्रतिज्ञापत्रे आणि संमतीच्या अटींचा मसुदा लागतो. या मसुद्यावर वेळ खर्च करावा, असे मी आग्रहाने सांगेन. पोटगी एकरकमी की दरमहा, ती कोणत्या तारखेला आणि कोणत्या खात्यात जमा होणार, मुलांचा ताबा कोणाकडे, सुट्टीत मुले कोणाकडे राहणार, स्त्रीधन परत मिळाले की नाही आणि एकमेकांविरुद्धच्या प्रलंबित तक्रारींचे काय, हे सगळे त्यात नेमके लिहिलेले असावे. ‘नंतर बघू’ म्हणून सोडलेली बाब हुकूमनाम्यानंतर, म्हणजे न्यायालयाने घटस्फोटाचा अंतिम आदेश दिल्यानंतर, वसूल करणे फार कठीण जाते.

अर्ज दाखल झाल्यावर सहा महिन्यांनंतर आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा न्यायालयापुढे येऊन संमती कायम असल्याचे सांगायचे असते. तोडगा निघण्याची आशा उरली नसेल, पोटगी आणि ताब्याचे प्रश्न मिटले असतील आणि अर्जापूर्वीच वेगळे राहून दीड वर्ष झाले असेल, तर सहा महिन्यांची अट शिथिल करण्याची विनंती करता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तशी मुभा दिली. परदेशी असलेल्या जोडीदाराची उपस्थिती व्हिडिओ कॉन्फरन्सद्वारे घेण्याची परवानगीही त्याच निकालाच्या आधारे मागता येते. हुकूमनामा होईपर्यंत कोणालाही संमती मागे घेता येते. दबावाखाली सही केलेल्या स्त्रीने हे विशेष लक्षात ठेवावे.

निकालानंतर नक्कल विभागातून हुकूमनाम्याच्या दोन-तीन प्रमाणित प्रती काढून घ्याव्यात आणि नाव, आडनाव व लग्नाची तारीख आधार कार्ड आणि विवाह प्रमाणपत्राशी अक्षरशः ताडून पाहावी. ‘सुनिता’ आणि ‘सुनीता’ एवढ्या फरकानेही पुढे पासपोर्टचे काम अडू शकते, आणि दुरुस्तीसाठी पुन्हा त्याच न्यायालयात अर्ज करावा लागतो.