'खराब' शब्दाची जुनी ओळख

वडोदऱ्याच्या दांडिया बाजाराकडच्या मराठी घरांत रस्ता खराब असतो, दूध खराब होतं, तब्येतही खराबच असते. एकच विशेषण इतक्या ठिकाणी चालतं, कारण ते मराठीचंही आहे आणि गुजरातीचंही. शब्द मूळचा अरबी, दोन्हीकडे आला फारसीतून. त्याचा जुना अर्थ ओसाड, उद्ध्वस्त. फौजा तुडवून गेल्या की मुलूख 'खराब' व्हायचा, म्हणजे उजाड पडायचा.

हा अर्थ जमिनीच्या कागदात अजून जिवंत आहे. महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यावर 'पोटखराबा' नोंदलेला असतो: शेताच्या पोटातलाच, पण खडक, ओढा, खळं किंवा रस्ता यांमुळे लागवडीखाली नसलेला, म्हणून मूळ आकारणीतून वगळलेला तुकडा. गुजरातेत पडीक सरकारी जमीन म्हणजे 'खराबो'. जमिनीबरोबरच हा शब्द माणसांना, हवेला, दानतीलाही लागतो.

१७३४ साली वडोदरा गायकवाडांकडे आलं. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत दरबार मराठी आणि भोवतालचा बाजार गुजराती, असं चाललं. १९६० नंतर तर शाळा, कचेरी, शेजार सगळंच गुजराती. त्यामुळे इथल्या मराठीत 'खराब'चा पैस वाढला, यात नवल नाही. माझ्या मनाला मात्र स्वयंपाकघरातल्या शब्दांची हानी लागते. दूध नासतं, भात आंबतो, भाजी विटते, पाव बुरसतो, फळ सडतं, शेंगदाणे खवट होतात. काय बिघडलं आणि कसं, ते क्रियापदच सांगतं. सगळ्यालाच 'खराब झालं' म्हटलं की टाकायचं की वाचवायचं, हे पुन्हा विचारावं लागतं. नासलेल्या दुधाचं निदान पनीर तरी होतं. आजारपणातही तेच. 'तब्येत बरी नाही' यात जो मऊपणा आहे, तो 'तब्येत खराब आहे' मध्ये नाही.

मनाच्या बाबतीत 'वाईट' अजून आपली जागा राखून आहे. बातमी वाईट असते, वाईटही वाटतं. तिथे 'खराब वाटलं' म्हटलं तर कानाला खटकतं. गुजरातीत याच्या जवळचा प्रयोग 'खोटुं लागवुं' हा, आणि त्यात रुसव्याची छटा जास्त. शेजारीण 'खोटुं ना लगाडशो' म्हणते, तेव्हा पुण्याहून नवी आलेली सून दचकते, कारण तिच्या कानात 'खोटं' म्हणजे असत्य. शेजारणीला म्हणायचं असतं एवढंच, की मनाला लावून घेऊ नका.