वात घरची, मेण परगावचं

दिवाळीच्या सुट्टीत जळगाव-धुळ्याकडच्या बऱ्याच घरांत हल्ली मुलांना मेणबत्त्या करायला बसवतात. बाजारातून मेण आणायचं, पणत्या धुऊन सुकवायच्या, दोरा कापून ठेवायचा. हा उद्योग शहरी आणि नवा वाटतो. मेणापुरतं ते खरंही आहे. वात मात्र इथली जुनी, आणि ती वळताना आजीशेजारी नातवंडं कायम असत.

खान्देश कापसाचा मुलूख. दिवाळीच्या सुमारास वेचणी चालू असते. त्यातलाच मूठभर कापूस घेऊन सरकी काढायची, तो हाताने मोकळा करायचा, बोटाला जराशी राख लावून तळहातावर वळायचा, की समईची वात झाली. तेल तिळाचं किंवा करंजाचं. सातपुड्यात मोहाच्या बियांचंही तेल दिव्यात जळे. मोहोळाचं मेणही डोंगरात मिळे, पण ते ओतारी म्हणजे धातू ओतणारे कारागीर आणि चांभार यांच्या कामाचं. घरात मेण जाळायची रीत नव्हती. मोगल दरबारात मेणबत्त्या जळत आणि खान्देश सुभ्याचं ठाणं बुऱ्हाणपूरला होतं, पण ती चैन महालांपुरती.

तिकडे युरोपातले गरीब लोक जनावरांच्या चरबीच्या बत्त्या जाळत. त्यांना वास येई, धूर होई. शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने चरबीतले घटक वेगळे केले आणि 1825 मध्ये गे-ल्युसॅक या रसायनशास्त्रज्ञाबरोबर त्यातल्याच घट्ट स्टिअरिक आम्लाच्या मेणबत्तीचं पेटंट घेतलं. त्याच काळात फ्रान्समध्येच विणलेली वात आली, आणि माझ्या मते या सगळ्या कथेतली सर्वांत हुशारीची गोष्ट तीच. नुसत्या पिळाच्या वातीचं टोक ज्योतीत सरळ उभं राहतं, त्यावर काजळी धरते, ती सारखी झाडावी लागते. विणलेली वात जळता जळता एका बाजूला वाकते, टोक ज्योतीच्या कडेला, जिथे हवा मिळते तिथे येतं आणि राख होऊन जातं. तिपेडी वेणी घालता येणारी सात-आठ वर्षांची मुलगी ही वात सुती दोऱ्याची सहज विणते. मग ती एकदा पातळ मेणात बुडवायची, दोन्ही टोकं धरून ताणायची आणि गार होऊ द्यायची. म्हणजे ताठ राहते.

आज आपण वापरतो ते मेण म्हणजे पॅराफिन. जेम्स यंग या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने 1850 मध्ये ते कोळशापासून काढायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. पुढे ते खनिज तेलातून निघू लागलं. भारतात आसामच्या तेलात मेण भरपूर, आणि डिगबोईचा शुद्धीकरण कारखाना 1901 पासूनचा. पॅराफिनची खोड एकच, ते लवकर मऊ पडतं. भुसावळच्या मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की कपाटातली मेणबत्ती मान टाकते. म्हणून पॅराफिनमध्ये थोडं स्टिअरिक आम्ल मिसळायची पद्धत पडली. घरी करायच्या तर दिवाळीतच कराव्यात, हे त्यामुळेही बरं.

मुलांना मेणबत्तीपाशी बसवून शिकवण्याचं मोठं उदाहरण लंडनचं. मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने 1860-61 च्या नाताळात रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी मेणबत्तीवर व्याख्यानमालाच दिली. नुकत्याच विझलेल्या वातीच्या धुराला जळती काडी लावली की ज्योत धुरावरून खाली उडी घेते, हा त्यातला प्रयोग. जळते ती मेणाची वाफ, हे लेकरांना डोळ्यांनी दिसतं. मोठ्यांनी घरी जरूर करून दाखवावा.

आपल्याकडची वाट हातकामाची. डिसेंबर 1936 मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. ग्रामोद्योगाचा आग्रह तिथे सगळ्या मांडणीत होता. पुढच्याच वर्षी वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम, म्हणजे हातकामातून शिक्षण, मांडली आणि शाळेत टकळीवर सूतकताई आली. 1964-66 च्या कोठारी शिक्षण आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. खडू, साबण, मेणबत्ती या वस्तू शाळेत शिरल्या त्या या वाटेने. नंतर भारनियमनाच्या वर्षांत मेणबत्ती घराघरात रोजच्या गरजेची झाली.

मेण साधारण 60 अंशांना वितळतं. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात मेणाचा डबा, असं शेगडीवर ठेवलं तर मेण शंभराच्या वर तापत नाही. थेट आचेवर पेट घेऊ शकतं. तसं झालं तर गॅस बंद करून झाकण टाकायचं, पाणी कधीच नाही. वितळवणं आणि ओतणं मोठ्यांचं. वात विणणं, पणतीत मधोमध काडीला बांधून धरणं मुलांचं. रंगासाठी मात्र चित्रकलेचे मेणखडू मेणात टाकू नयेत. रंगाचे कण वातीच्या धाग्यांत अडकतात, मेण वर चढत नाही, आणि ज्योत बुटकी होत विझते.