आधी सेंटीमीटर, मग सीसी

स्तनवर्धनाच्या शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या बहुतेक जणींचा पहिला प्रश्न एकच असतो: "सी कप हवा असेल तर किती सीसीचं इम्प्लांट लागेल?" या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, कारण इम्प्लांटवर, म्हणजे स्तनात बसवायच्या सिलिकॉनच्या पिशवीवर, कप साइज नसतेच. त्याची मापं तीन: घनफळ (सीसी, म्हणजेच मिलिलिटर), पायाचा व्यास आणि पुढे येणारी उंची. कप हे ब्रा बनवणाऱ्यांचं माप आहे आणि एका कंपनीचा सी तो दुसरीचा डी असू शकतो. त्यातच ३०० सीसी अरुंद छातीवर भरगच्च दिसतात, रुंद छातीवर जेमतेम जाणवतात. "एक कप म्हणजे १५० ते २०० सीसी" हा हिशेब गप्पांपुरता ठीक आहे. त्यावरून इम्प्लांट ठरवू नये.

मोजणी सुरू होते ती स्तनाच्या पायाच्या रुंदीपासून. सर्जन कॅलिपरने (अंतर मोजायच्या चिमट्यासारख्या उपकरणाने) स्तनाची आतली कड ते बाहेरची कड हे अंतर मोजतात. मग दोन्ही कडांना त्वचा आणि तिच्याखालची चरबी चिमटीत धरून जाडी मोजली जाते. चिमटीत थर दुहेरी येतो, म्हणून प्रत्येक बाजूची निम्मी जाडीच वजा करायची. समजा पाया १२.५ सेंमी आहे, आतली चिमटी १ सेंमी आणि बाहेरची २ सेंमी. १२.५ मधून ०.५ आणि १ वजा केले की उरतात ११ सेंमी. साधारण एवढ्याच व्यासाचं इम्प्लांट त्या स्तनात झाकलं जाईल. मनात कितीही मोठा आकार असला तरी ही मर्यादा ओलांडण्यात शहाणपण नाही.

व्यास ठरला की उंचीकडे वळायचं. सुमारे २७५ सीसीचंच इम्प्लांट बसक्या आकारात साधारण १२ सेंमी रुंद असतं. उंच, म्हणजे हाय प्रोफाइल आकारात ते ११ सेंमीच्या आत बसतं. कंपनीनुसार थोडा फरक पडतो, पण मुद्दा तोच: नुसता सीसीचा आकडा अर्धवट माहिती देतो. आकाराचं प्रमाण तसंच ठेवून व्यास १२ वरून १३ सेंमी केला तर घनफळ सुमारे सव्वापट होतं, कारण ते व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतं. म्हणजे ३०० चे जवळजवळ ३८० होतात. उलट ३०० की ३२५ यावर रात्री जागवण्याची गरज नाही. २५ सीसी म्हणजे पाच चहाचे चमचे. कपड्यांतून हा फरक ओळखणं कठीण.

यानंतर त्वचेचा ताण. स्तनमंडलाच्या, म्हणजे स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या, कडेला धरून त्वचा पुढे ओढायची आणि ती किती सेंटीमीटर येते ते पाहायचं. जॉन टेबेट्स या अमेरिकी सर्जनने २००२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत पायाच्या रुंदीवरून एक सुरुवातीचं घनफळ घेतात (१२ सेंमीला साधारण ३०० सीसी) आणि त्यात फेरफार करतात: त्वचा २ सेंमीहून कमी ताणली गेली तर सुमारे ३० सीसी कमी, ३ सेंमीहून जास्त आली तर ३० सीसी अधिक, ४ च्या पुढे गेली तर ६०. स्तनाग्रापासून खालच्या घडीपर्यंतचं (स्तन खाली छातीला मिळतो तिथपर्यंतचं) अंतरही त्वचा ताणून मोजतात. ३०० सीसीला ते सुमारे ८ सेंमी लागतं. कमी असेल तर घडी खाली न्यावी लागते, आणि तिथे चूक झाली तर जुन्या घडीची रेघ राहून स्तनाखाली दुसरा फुगवटा दिसतो.

स्तनाच्या वरच्या भागातली चिमटी २ सेंमीहून कमी असेल तर सहसा इम्प्लांटचा वरचा भाग छातीच्या स्नायूखाली ठेवतात. नाही तर त्याची कड दिसते आणि पातळ त्वचेवर लाटांसारख्या सुरकुत्या उमटतात.

मोठ्या आकाराचा मोह इथेच महागात पडतो. पायापेक्षा रुंद इम्प्लांट आतल्या बाजूला सरकलं तर दोन्ही स्तन मध्ये एकमेकांना चिकटल्यासारखे होतात, आणि हा दोष दुरुस्त करणं फार अवघड असतं. बाहेरच्या बाजूला जागा करताना स्तनाग्राला संवेदना देणारी नस ताणली किंवा दुखावली जाते. वजनाचं गणितही साधं आहे: सिलिकॉन जेलची घनता पाण्याच्या जवळपास, म्हणजे ४०० सीसीची जोडी जवळजवळ ८०० ग्रॅम. ते कायम खालच्या त्वचेवर पेललं जातं. त्वचा सैलावली की इम्प्लांट घडीच्या खाली उतरतं आणि स्तनाग्र वर बघू लागतं. सततच्या दाबाने स्तनाची ग्रंथी आणि चरबीही विरळ होते, आणि ती झीज इम्प्लांट काढल्यावर पूर्ण भरून येत नाही. म्हणूनच "आत्ता जरा मोठंच घालून घेऊ" या विचाराला ठाम विरोध करावासा वाटतो.

स्तनपानानंतर किंवा वजन घटल्यावर सैल झालेल्या स्तनांचा प्रश्न वेगळा. स्तनाग्र घडीच्या खाली उतरलं असेल तर नुसत्या इम्प्लांटने ते वर येत नाही. स्तन वर उचलण्याची शस्त्रक्रिया लागते. सैल पिशवी मोठं इम्प्लांट घालून भरली तर ती अधिक जड होऊन पुन्हा उतरते. स्तनपान थांबल्यावर काही महिने जाऊ द्यावेत आणि वजन स्थिरावल्यावरच मापं घ्यावीत.

घरी अंदाज घ्यायला तांदळाची चाचणी चांगली. मापाच्या भांड्यात ३०० मिलि तांदूळ मोजून पातळ मोज्यात बांधा, पॅड नसलेल्या लवचिक स्पोर्ट्स ब्रामध्ये ठेवा आणि काही तास वावरा. जिना चढा, वाका, रोजचे कपडे घालून पाहा. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. तांदळाच्या दाण्यांमध्ये हवा असते, त्यामुळे पुडी इम्प्लांटपेक्षा हलकी भरते. आणि बाहेर ठेवलेली पुडी आत बसवलेल्या तेवढ्याच इम्प्लांटपेक्षा मोठी दिसते, कारण आत त्यावर ऊती आणि स्नायू दाबून बसतात. ही चाचणी किती मोठं हे सांगते. कसं दिसेल ते सांगत नाही. "३५० सीसी" असं लिहिलेले दुसऱ्यांचे फोटो तर त्याहून फसवे, कारण त्या बाईची उंची, छातीची रुंदी आणि मूळ स्तन किती होता हे त्यात नसतं.

दोन्ही स्तन हुबेहूब सारखे जवळजवळ कुणाचेच नसतात. फरक ठळक असेल तर दोन बाजूंना वेगवेगळ्या घनफळाची इम्प्लांट बसवतात. शस्त्रक्रियेदरम्यान तात्पुरता साइझर (माप पाहण्यापुरतं इम्प्लांट) घालून, टेबल उचलून रुग्णाला बसत्या स्थितीत आणून दोन्ही बाजू तपासता येतात. आडव्या छातीवर जे सारखं दिसतं ते बसल्यावर दिसेलच असं नाही.

सुरुवातीचे आठवडे सूज असते आणि इम्प्लांट वर चढल्यासारखं दिसतं. खरा आकार उतरायला तीन ते सहा महिने लागतात, त्यामुळे पहिल्या महिन्यात "फार मोठं झालं" किंवा सूज उतरताना "फारच लहान राहिलं" असं वाटणं, दोन्ही घाईचं. इम्प्लांट आयुष्यभर टिकणारं नसतं. पुढे कधी तरी ते बदलावं किंवा काढावं लागण्याची शक्यता धरूनच चालावं. अमेरिकेच्या एफडीए या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या शिफारशीनुसार सिलिकॉन इम्प्लांटची पहिली एमआरआय किंवा सोनोग्राफी शस्त्रक्रियेनंतर ५ ते ६ वर्षांनी आणि मग दर २ ते ३ वर्षांनी करायची असते. शस्त्रक्रियेनंतर मिळणारं कार्ड जपून ठेवा. त्यावर घनफळ, मॉडेल आणि अनुक्रमांक असतो, आणि पुढचा सर्जन मोजणी तिथूनच सुरू करतो.