सुप्रीम कोर्टाच्या जजचा फॉर्म कधी सुटतो?

अमळनेरला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सोबत ऑनलाइन फॉर्म भरून देतो: पोलीस भरती, तलाठी, शिष्यवृत्ती, दाखले. परवा पारोळ्याकडचे एक काका आले. पोरगी जळगावला लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. पिशवीतून तिच्या मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं काउंटरवर मांडलं आणि विचारलं, "भो, सुप्रीम कोर्टना जजना फारम कव्हय निंघस?"

रांगेतले दोघं-तिघं हसले. प्रश्न मात्र रास्त होता. शिपायाच्या जागेला जाहिरात निघते, फी असते, शेवटची तारीख असते. मग एवढ्या मोठ्या जागेला का नसावी?

तर, नसते. फॉर्म नाही, परीक्षा नाही, मुलाखतीचं बोलावणंही नाही. पात्रता मात्र राज्यघटनेच्या कलम 124 मध्ये लिहिलेली आहे. उमेदवार भारताचा नागरिक हवा. शिवाय तीनपैकी एक गोष्ट हवी: हायकोर्टाचे न्यायाधीश म्हणून किमान 5 वर्षं, किंवा हायकोर्टात किमान 10 वर्षं वकिली, किंवा राष्ट्रपतींच्या मते तो नामवंत कायदेपंडित असावा. तिसऱ्या दारातून आजवर कुणीही आत गेलेलं नाही. दुसऱ्या दारातून थोडे गेले. सोलापूरला जन्मलेले उदय लळित 2014 मध्ये वकिलीतून थेट न्यायाधीश झाले आणि 2022 मध्ये सरन्यायाधीशही. बाकी बहुतेक सगळे हायकोर्टातून येतात. किमान वयाची अट नाही, निवृत्ती 65 व्या वर्षी. 2019 च्या दुरुस्तीने जागा सरन्यायाधीशांसह 34 झाल्या.

निवडतं कोण, हा खरा वादाचा विषय. घटनेत म्हटलंय की राष्ट्रपती सल्लामसलत करून नेमणूक करतील. आता सल्ला घेणं म्हणजे सल्ला मानणं का? 1981 मध्ये कोर्टानेच सांगितलं, नाही. शेवटचा शब्द सरकारचा. 1993 मध्ये त्याच कोर्टाने हे उलटवलं आणि 1998 मध्ये चौकट पक्की केली: सरन्यायाधीश आणि सर्वांत ज्येष्ठ चार न्यायाधीश मिळून नाव ठरवतील. हेच ते कॉलेजियम, मराठीत न्यायवृंद. हा शब्द घटनेत कुठेही सापडणार नाही. संसदेने 2014 मध्ये त्याऐवजी न्यायिक नियुक्ती आयोग आणला, तो सुप्रीम कोर्टाने 16 ऑक्टोबर 2015 ला चार विरुद्ध एक मतांनी रद्द केला. न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडावेत हे मला पुरतं पटत नाही, पण सगळं मंत्र्यांच्या हाती द्यावं असंही वाटत नाही.

कागद फिरतो तो असा. जागा रिकामी व्हायच्या बेताला सरन्यायाधीश नाव सुचवतात, चौघांची मतं लेखी घेतली जातात. उमेदवार ज्या हायकोर्टातला, तिथून आलेले सुप्रीम कोर्टातले सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश काय म्हणतात, तेही विचारलं जातं. शिफारस कायदामंत्र्यांकडे जाते, तिथून पंतप्रधान, मग राष्ट्रपती. सरकार एकदा फाईल परत पाठवू शकतं. कॉलेजियमने तेच नाव पुन्हा धाडलं की ते मानायचं, असा दंडक आहे. मुदत मात्र कुणी घातलेली नाही, आणि फाईल अडते ती इथेच. के. एम. जोसेफ यांचं नाव जानेवारी 2018 मध्ये गेलं, एप्रिलमध्ये परत आलं, जुलैमध्ये पुन्हा गेलं. ऑगस्टमध्ये शपथ झाली, तर त्या दिवशीच्या तिघांत ते शेवटचे. ज्येष्ठता अशी घसरते, आणि सरन्यायाधीश तर ज्येष्ठतेच्या प्रथेनेच ठरतात.

"मग कागदपत्रं काहीच नाहीत?" काकांनी विचारलं. एक आहे. नाव मंजूर झालं की शारीरिक तंदुरुस्तीचा दाखला द्यावा लागतो, सिव्हिल सर्जन किंवा जिल्हा वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सहीचा. आपल्याकडे नोकरी लागल्यावर लोक सिव्हिलला ज्यासाठी रांग लावतात, तोच प्रकार. मग नेमणूकपत्रावर राष्ट्रपतींची सही आणि राजपत्रात अधिसूचना. 2007 ते 2012 या काळात ही सही प्रतिभाताई पाटलांची होती. त्यांनी वकिली सुरू केली ती जळगावच्या जिल्हा कोर्टात. हे सांगितल्यावर रांगेतलं हसणं थांबलं.

काकांच्या पोरीला भरायचे फॉर्म आहेत, ते खालच्या पायरीवर. आधी महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना. सुप्रीम कोर्टाच्या 2024 च्या निकालानंतर नोंदणी फी 750 रुपयांवर घेता येत नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठी 125. मग अखिल भारतीय बार परीक्षा. पुढे दोन वाटा. एक, एमपीएससीतून दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर. 20 मे 2025 च्या निकालाने यासाठी 3 वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. ती तात्पुरत्या नोंदणीपासून मोजतात आणि दाखला कोर्टाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा लागतो, किंवा 10 वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा, त्यावर त्या अधिकाऱ्याची मोहोर. या वाटेने हायकोर्टापर्यंत पोचायला इतकी वर्षं जातात की दिल्ली बहुधा राहूनच जाते.

दुसरी वाट वकिलीची. धुळे, जळगाव, नंदुरबारचं हायकोर्ट म्हणजे औरंगाबाद खंडपीठ. तिथे नाव झालं तर हायकोर्टाचं कॉलेजियम, म्हणजे मुख्य न्यायाधीश आणि दोन ज्येष्ठ, नाव पाठवतं. अभय ओक यांनी सुरुवात ठाण्याच्या जिल्हा कोर्टातून केली होती. 2003 मध्ये हायकोर्ट, 2021 मध्ये सुप्रीम कोर्ट. इथे तुमची फाईल म्हणजे तुम्ही लढवलेले खटले. त्याची झेरॉक्स माझ्याकडे निघत नाही.

कागद परत देताना दाखल्यावर नजर गेली. जन्मतारीख 1 जून. गुरुजींची लाडकी तारीख.

"काका, पोर खरी कधीची?"

"कापूस येचाना टाइमले. दिवाळीना आंगेमांगे."

निवृत्तीचं 65 वं वर्ष कागदावरच्या तारखेवरून मोजतात, आणि दहावीनंतर ती बदलणं फार अवघड, एवढं सांगितलं. काकांनी बोटांवर जून ते दिवाळी मोजलं.

"म्हंजे पाच महिना आत्तेच गयात?"