पूमसे वेगळं, फाईट वेगळी: ठाण्यातल्या तायक्वांदो क्लासमागचा इतिहास

बेल्ट टेस्ट जवळ आली की घोडबंदर रोडवरची क्लबहाऊसं, नौपाड्यातले शाळांचे हॉल आणि ऐरोली-नेरूळच्या सेक्टरांतली समाजमंदिरं पांढऱ्या दोबोकांनी, म्हणजे तायक्वांदोच्या पोशाखांनी, भरून जातात. अर्धा वेळ पूमसे, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका. उरलेला वेळ चेस्ट गार्ड चढवून फाईट. बाहेर चपलांच्या ढिगाऱ्याशेजारी उभ्या असलेल्या पालकांपैकी कुणीतरी हमखास विचारतं, "सर, हे पूमसे फाईटमध्ये कुठे दिसत नाही, मग शिकवता कशाला?" सर म्हणतात, "बेसिक पक्कं होतं." उत्तर खोटं नाही, पण अर्धवट आहे. पूमसे आणि फाईट एकाच दोबोकात दिसत असले तरी ते वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजांतून घडले. ते एका छपराखाली कसे आले हे कळलं की मुलाने घरी काय घोटवायचं हेही कळतं.

कोरियावर १९१० ते १९४५ जपानची सत्ता होती. त्या काळात शिकायला जपानला गेलेल्या कोरियन तरुणांनी तिथे कराटे उचललं. कराटेचे गुरू गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये ओकिनावाहून टोकियोत आले होते आणि तिथल्या विद्यापीठांत कराटे रुजत होतं. अशा तरुणांपैकी ली वॉन-कुक यांनी १९४४ मध्ये सोलमध्ये चुंग दो क्वान (क्वान म्हणजे शिकवणीची शाळा) सुरू केलं. स्वातंत्र्याच्या आगेमागे मू दुक क्वान, सोंग मू क्वान, जी दो क्वान, चांग मू क्वान अशी आणखी क्वान उभी राहिली. आपल्याकडच्या गायकीच्या घराण्यांसारखा हा प्रकार होता: गुरू वेगळा, वळण वेगळं, आणि आपलंच खरं हा ठसकाही तितकाच. पण बहुतेकांचा पाया कराटेचा होता. जपानी 'हेइआन' मालिका कोरियन उच्चारात 'प्योंगआन' म्हणून शिकवल्या जात.

आपल्या क्लासच्या फ्लेक्सवर मात्र 'दोन हजार वर्षांची प्राचीन कला' असं छापलेलं असतं. त्याचा राग येऊ नये. स्वतंत्र झालेल्या देशाला आपली म्हणावी अशी कला हवी होती आणि जुन्या थडग्यांतल्या भित्तिचित्रांत, सिल्ला राज्यातल्या ह्वारांग तरुणांच्या कथांत तिची मुळं शोधली गेली. तेक्क्यॉन हा पायांनी खेळायचा जुना कोरियन प्रकार खरोखरच होता. २०११ मध्ये युनेस्कोने त्याला वारशाच्या यादीत घेतलं. लाथेचं कौतुक तिथून आलं असं मानायला जागा आहे. पूमसेचा सांगाडा मात्र तिथून आलेला नाही.

'तायक्वांदो' हे नाव ११ एप्रिल १९५५ रोजी ठरलं. त्यामागे होते जनरल चोई होंग ही. लष्करी माणूस, स्वतः जपानमध्ये कराटे शिकलेला. त्यांनी सैनिकांना ही कला शिकवली आणि पुढे कोरियन प्रशिक्षक देशोदेशी गेले. रांगा, एका सुरात 'हाना, दुल, सेत' (एक, दोन, तीन), सिनियरला वाकून नमस्कार, हे सगळं क्लासमध्ये इतकं पलटणीसारखं का वाटतं याचं एक उत्तर इथे आहे. चोईंनी १९६६ मध्ये आयटीएफ ही आंतरराष्ट्रीय संघटना काढली, पण राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या राजवटीशी त्यांचं फाटलं आणि १९७२ मध्ये ते कॅनडात गेले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला सोलमध्ये कुक्कीवॉन हे तायक्वांदोचं मुख्यालय उघडलं. मे १९७३ मध्ये किम उन-योंग यांच्या नेतृत्वाखाली डब्ल्यूटीएफ (वर्ल्ड तायक्वांदो फेडरेशन) ही दुसरी संघटना स्थापन झाली आणि पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही तेव्हाच भरली. चोईंनी १९८० मध्ये आपलं तायक्वांदो उत्तर कोरियात नेलं, आणि २००२ मध्ये त्यांचं निधनही प्याँगयांगमध्येच झालं. म्हणजे देशाची फाळणी झाली तशी खेळाचीही झाली. (डब्ल्यूटीएफने २०१७ मध्ये 'फेडरेशन' गाळून नुसतं 'वर्ल्ड तायक्वांदो' नाव घेतलं. त्या तीन अक्षरांचा मोबाइलवर पोरं काय अर्थ लावतात हे इथे लिहायला नको.)

या फाळणीचा थेट परिणाम तुमच्या मुलाच्या वहीत दिसतो. आयटीएफच्या क्लासमध्ये पूमसेऐवजी २४ 'तुल' असतात, आणि फाईटमध्ये तोंडावर हाताने मारायची मुभा असते. वर्ल्ड तायक्वांदोच्या पद्धतीत रंगीत बेल्टसाठी आठ 'तेगुक' पूमसे, ब्लॅक बेल्टपासून पुढे कोर्यो, कुमगांग वगैरे, आणि फाईटमध्ये तोंडावर मुठीला बंदी. घर बदलून चरईतून वाशीला गेलेल्या मुलाला नव्या क्लासमध्ये 'पहिल्यापासून सुरू कर' असं ऐकावं लागलं, तर सरांच्या अहंकारापेक्षा हे कारण असण्याची शक्यता बरीच.

आता जरा पूमसे जवळून बघू. तेगुक इल जांग, पहिलं पूमसे, एकूण १८ हालचाली. जुनबीतून, म्हणजे तयारीच्या स्थितीतून, डावीकडे वळायचं, डाव्या हाताने खालचा ब्लॉक, उजवा पाय पुढे टाकून मधला पंच. मग मागे १८० अंशांत वळून हेच दुसऱ्या बाजूला. शोटोकान कराटेची पहिली काता (कराटेतली अशीच मालिका), हेइआन शोदान, तीही अशीच उघडते: डावीकडे वळून खालचा ब्लॉक, पुढे येऊन पंच, मग १८० अंश. ठाण्यात एकाच शाळेच्या हॉलमध्ये पाच ते सहा कराटे आणि सहा ते सात तायक्वांदो असं वेळापत्रक असलं, तर दाराशी थांबून दोन्ही बघा. नातं डोळ्यांना दिसतं. फरक पायांत आहे. कराटेत तिथे लांब, खोल बैठक लागते. इल जांगमध्ये सुरुवातीला 'आप सोगी', म्हणजे रस्त्याने चालताना थांबलो तर पाय जितके लांब असतील तेवढंच अंतर. लांब 'आप कुबी' नंतर येते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तेगुक मालिका बसवताना ही उभट बैठक आणली गेली. उभ्या शरीराने पाय चटकन उचलता येतो. आठ पूमसेंचे अर्थ आणि जमिनीवरचे मार्ग पूर्वेकडच्या प्राचीन त्रिरेषा-चिन्हांवर बेतले. इल जांगचं चिन्ह आकाशाचं, तीन अखंड रेषा. म्हणून मुलगा हॉलमध्ये तीन आडव्या पट्ट्यांवर ये-जा करतो. कराटेची छाप पुसून कोरियन ठसा उमटवायचा हा उघड प्रयत्न होता, आणि माझ्या मते तो बऱ्यापैकी जमला.

पण गंमत पुढे आहे. स्पर्धेत सर्वांत जास्त मारली जाणारी किक म्हणजे दोल्यो चागी, बाजूने गोल येणारी. आठ तेगुकांत ती फक्त सहाव्यात, युक जांगमध्ये येते. म्हणजे बऱ्याच क्लासमध्ये ब्लू बेल्टच्या आसपास. फिरून मागे मारायची द्वि चागी, जिला आज फाईटमध्ये घसघशीत गुण आहेत, ती आठांपैकी एकातही नाही. पालकांचा प्रश्न इथे रास्त ठरतो.

याचं कारण फाईटचा वेगळा प्रवास. कराटेच्या तेव्हाच्या सरावात वार अंगाजवळ आणून थांबवायचा असे. साठच्या दशकात कोरियात स्पर्धा सुरू झाल्या तेव्हा चेस्ट गार्ड, म्हणजे 'होगु', घालून पूर्ण ताकदीने मारायची पद्धत आली. लाथेला झुकतं माप मिळालं, चेहऱ्यावर मूठ बाद झाली. कराटेपेक्षा वेगळं दिसायचं होतं, ते दिसलं. तोंडावर मूठ येणारच नसेल तर हात वर ठेवायची निकड राहत नाही. म्हणूनच फाईटमध्ये मुलांचे हात खाली लोंबतात आणि बॉक्सिंग बघितलेल्या काकांना ते बघवत नाही. मात्र डोक्यावर किक येते, आणि तेवढ्यासाठी तरी हात वर हवा. हे सर ओरडून सांगतात तेव्हा ते बरोबरच असतात.

ऑलिंपिकमध्ये तायक्वांदो १९८८ च्या सोल आणि १९९२ च्या बार्सिलोना स्पर्धांत प्रात्यक्षिक म्हणून होतं, १९९४ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि २००० मध्ये सिडनीला पहिली अधिकृत पदकं दिली गेली. मग पंचांचे वाद जगाला दिसू लागले. २००८ मध्ये बीजिंगला ब्रिटनच्या सारा स्टीव्हनसनची डोक्यावरची किक पंचांनी मोजलीच नाही आणि नंतर व्हिडिओ बघून निकाल फिरवावा लागला. त्याच दिवशी क्यूबाच्या आंखेल मातोसने चक्क पंचाच्या तोंडावर लाथ मारली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपासून इलेक्ट्रॉनिक होगु आला, २०१६ मध्ये हेड गार्डमध्येही सेन्सर बसला. वाद घटले, खेळ बदलला. किक जोरदार 'फाट' वाजण्यापेक्षा सेन्सरला कुठल्याही कोनातून लागणं महत्त्वाचं झालं. मुलं पुढचा पाय हवेत धरून तलवारबाजी केल्यासारखी टोचत बसू लागली. मग नियम पुन्हा हलले: पाय उचलून समोरच्याला अडवत राहणाऱ्याला गामजम, म्हणजे दंड, प्रतिस्पर्ध्याला एक गुण. मारण्याचे गुण असे: अंगावर पंच १, किक २, फिरून मारली तर ४, डोक्यावर ३, फिरून ५. आज दोन मिनिटांच्या फेऱ्या असतात आणि तीनपैकी दोन जिंकणारा जिंकतो, त्यामुळे पहिल्या फेरीत दहा गुणांनी हरलेला मुलगाही संपलेला नसतो. कोपऱ्यातून रडवेला चेहरा करून बघणाऱ्या आईबाबांनी हे ध्यानात ठेवावं.

पूमसेही थांबून राहिलं नाही. २००६ मध्ये सोलला पूमसेची स्वतंत्र जागतिक स्पर्धा सुरू झाली, २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्याला जागा मिळाली. दहा गुणांपैकी चार अचूकतेचे, सहा सादरीकरणाचे. छोट्या चुकीला ०.१, मोठीला ०.३ वजा. म्हणजे जे फाईटची तयारी म्हणून शिकवलं जात होतं, तो आता आपल्या पायावर उभा असलेला खेळ आहे. अरुणाचलच्या रूपा बायोरने २०२४ मध्ये आशियाई पूमसे स्पर्धेत कांस्य मिळवलं ते याच खेळात.

भारतात तायक्वांदोची सुरुवात सत्तरच्या दशकाच्या मध्यात झाली आणि ती जिमी जगतियानी यांच्या नावाशी जोडली जाते. हाँगकाँगच्या मारधाडपटांचं वेड तेव्हा ताजं होतं. फाईटमध्ये २००२ च्या बुसान आशियाई स्पर्धेत सुरेंद्र भंडारीला कांस्य मिळालं. टोकियो पॅरालिंपिकला अरुणा तंवर उतरली.

ठाण्याची मूळ ओढ मैदानी खेळांची. कबड्डीच्या मंडळांना इथे मान आहे, तालमींची आठवण जुन्या वस्तीत अजून आहे. तायक्वांदो पसरलं ते माजिवड्याच्या पुढे इमारती उठल्या आणि खाडीपलीकडे सिडकोचे नोड भरत गेले तेव्हा, असं माझं निरीक्षण आहे. कबड्डीला मैदान लागतं. तायक्वांदोला वीस बाय तीस फुटांचा हॉल आणि एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या मॅट पुरतात, पावसाळ्यातही खाडा होत नाही. मुलींना पाठवायला घरचे पटकन तयार होतात हेही एक. आणि मोकळेपणाने बोलायचं तर सर्टिफिकेट: दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडा गुण, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठीचं ५ टक्के आरक्षण. या लाभांना स्पर्धेची पातळी आणि संघटनेची मान्यता दोन्ही बघितली जाते, आणि भारतात या खेळाच्या संघटनांची भांडणं कोर्टापर्यंत गेलेली आहेत. म्हणून फी भरण्याआधी सरांना दोन गोष्टी सरळ विचाराव्यात: ब्लॅक बेल्टचं प्रमाणपत्र कुक्कीवॉनचं मिळणार की क्लासचं स्वतःचं, आणि मुलं शालेय क्रीडा स्पर्धांत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत उतरतात का. कुक्कीवॉनच्या नियमात १५ वर्षांखालच्या मुलाला 'दान' (ब्लॅक बेल्टची पायरी) नाही, 'पूम' (तिचीच लहान मुलांसाठीची पायरी) मिळतो, आणि पहिल्या दानानंतर दुसऱ्यासाठी किमान एक वर्ष, दुसऱ्यानंतर तिसऱ्यासाठी दोन वर्षं थांबावं लागतं. दहा वर्षांच्या पोराला 'सेकंड दान' देऊ करणाऱ्या क्लासबद्दल यापेक्षा जास्त सांगायला नको.

सरावाचंही याच इतिहासातून ठरतं. पूमसे घरी करताना वेग विसरावा. आरशासमोर एकेक बैठक धरून पायांमधलं अंतर, मागच्या टाचेची दिशा आणि वळण्याआधी नजर वळते का हे बघावं. गुण तिथेच कापले जातात. फाईटसाठी घरी इल जांग शंभरदा करून फार हाती लागणार नाही. तिथे दोल्यो चागीचे तीन भाग वेगळे काढून करावेत: गुडघा सरळ वर, मग टेकलेल्या पायाची टाच समोरच्याच्या दिशेने फिरणं, मग पाय सुटणं. टाच फिरली नाही तर सगळा पीळ गुडघ्यावर येतो, म्हणून हे घरच्या टाइल्सवर अनवाणी, घामट पायांनी करू नये. मॅट नसेल तर सावकाश, भिंतीला धरून करावं. स्ट्रेचिंग अंग गरम झाल्यावर. कुणी मागून खांदे दाबून स्प्लिट बसवत असेल तर मुलाला 'नको' म्हणायला शिकवा. बारा-चौदा वर्षांच्या कॅडेट गटात खालच्या वजनात बसवायला आदल्या दिवशी पाणी तोडायला सांगणारेही भेटतात. वाढत्या वयात हे सरळ धोक्याचं आहे. वरच्या वजनात खेळून हरलेलं परवडतं.

एक अडचण मात्र क्लासच्या हातात नाही. इलेक्ट्रॉनिक होगु महाग, त्यामुळे बहुतेक ठिकाणी सराव साध्या चेस्ट गार्डवर होतो. तिथे किक लागल्याचा आवाज आला की सर 'पॉइंट' म्हणतात. स्पर्धेत सेन्सर असलेले मोजे चढवून मुलगा तीच किक तितक्याच आवाजात मारतो आणि बोर्डावर काहीच उमटत नाही, कारण पायाचा पंजा मोज्याच्या सेन्सरच्या भागाने बसलेला नसतो. ज्यांची मुलं जिल्ह्याच्या पुढे जातील असं दिसतं, अशा चार-पाच पालकांनी मिळून एक जोडी घेतली, किंवा स्पर्धेआधी सेट असलेल्या क्लासशी बोलून दोन रविवार त्यावर सराव मागून घेतला, तर नव्या बुटांपेक्षा तो खर्च कामी येतो.