बारीक दिसतोय, पण चरबी कुठंय?

पोलीस भरतीचा सीझन आला की ग्राउंडवर पळणाऱ्या पोरांचे रील्स फिरायला लागतात आणि खाली ठरलेलं वाक्य असतंच, "गावचं रक्त आहे, शहरातल्या पोरांचं काम नाही". भरतीला पुरुषांना उंची 165 सेमी लागते, छाती न फुगवता 79 आणि फुगवून 5 सेमी जास्त. ठीक आहे, टेपने मोजता येतं ते मोजतात. पण आत स्नायू किती, चरबी किती आणि ती नेमकी कुठे बसलीय हे टेपला कळत नाही, वजनकाट्याला तर अजिबातच नाही.

2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो छापून आला होता. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा, सेम, 22.3. चरबी मात्र युडकिनांच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के! आता युडकिन मॅरेथॉन पळणारे आणि याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे रोज सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत गाठणं, हे त्यांनी स्वतःच लिहिलंय. पण सगळा फरक पळण्याचा नाही. याज्ञिकांच्याच टीमने 1993 पासून पुण्याजवळच्या 6 गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला, तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची 3.5 किलोची. आपली बाळं स्नायूंत कमी, पोटातल्या अवयवांत कमी, पण पाठीवर खांद्याच्या पात्याखाली चिमटीत धरून मोजलेली चरबी जवळपास टिकून! म्हणजे बारीक पण चरबीवालं बाळ, आणि तेही खेड्यातलं.

इथे लोक लगेच "जीन्समध्येच आहे" म्हणून मोकळे होतात. जीन्सचा वाटा असेलही, पण त्या गावांतल्या आया स्वतःच पाच फुटांच्या आसपास आणि चाळीस-बेचाळीस किलोच्या होत्या, त्यांच्या पोटात वाढणाऱ्या बाळाला काय मिळत असेल? आणि जात बघून कोण काटक ते सांगणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, 'लढाऊ जमाती' हे खूळ 1857 नंतर इंग्रजांनी आपल्या सोयीसाठी वाढवलं, त्यात विज्ञान काही नव्हतं.

आता माझा आवडता भाग. चरबी वाईट नसते, ती कुठे जाते त्यावर सगळं आहे. कातडीखालची चरबी म्हणजे धान्याची कणगी, जास्तीचं तिथे पडून राहिलं तर घराला त्रास नाही. पण बऱ्याच भारतीयांत ही कणगी लवकर भरते असं दिसतं, मग उरलेली चरबी आतड्यांभोवती, लिव्हरमध्ये आणि स्नायूंच्या पेशींत शिरते. जेवल्यावर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. त्यासाठी इन्सुलिन पेशीच्या बाहेरच्या रिसेप्टरवर बसतं, आत निरोप जातो आणि ग्लुट-4 नावाची प्रोटीन्स पेशीच्या पृष्ठभागावर येऊन साखर आत घेतात. पेशीत चरबी साठली की डायअसिलग्लिसरॉल नावाचा चरबीचाच एक रेणू वाढतो, तो प्रोटीन कायनेज सी या एन्झाइमला चालू करतो आणि तो निरोप मध्येच अडकतो. इन्सुलिन आहे, साखर आहे, पण ग्लुट-4 पृष्ठभागावर येतच नाही. त्यात आपल्याकडे मुळात स्नायूच कमी, म्हणजे साखर उचलणाराच लहान.

पण स्नायू आकुंचन पावला की तोच ग्लुट-4 इन्सुलिन नसतानाही वर येतो, त्याचा रस्ताच वेगळा! गावात कांद्याच्या गोण्या उचलणाऱ्या पोराचा हा रस्ता दिवसभर चालू असतो आणि हिंजवडीत खुर्चीवर बसलेल्याचा जेमतेम पार्किंगपासून लिफ्टपर्यंत. दोघांचा बीएमआय 22 असू शकतो, जन्माला दोघंही तसेच बारीक-चरबीवाले आले असतील. गावच्या पोराला वाचवतात ते कष्ट, पाणी-हवा-गावरान तूप वगैरे नंतर. त्यालाही नोकरी लागली आणि पळणं सुटलं की हा रस्ता बंद.

जिममधल्या मशीनवर उभं राहून "फॅट 18 टक्के" ऐकून खूष होणाऱ्यांसाठी, ते मशीन चरबी मोजत नाही. अंगातून बारीक करंट सोडतं, पाण्याला तो सहज जातो, चरबीतून अवघड जातो, त्यावरून फॉर्म्युला लावून अंदाज काढतं. पाणी कमी प्यायलात की आकडा बदलतो, आणि फॉर्म्युला दुसऱ्याच देशाच्या लोकांवर बसवलेला असला तर बोलायलाच नको. पोटावर बांधायच्या घाम काढणाऱ्या बेल्टबद्दल तर मी बोलतच नाही.

त्यापेक्षा दहा रुपयांचा टेप बरा. आशियाई पुरुषांसाठी कंबरेची मर्यादा 90 सेमी धरतात, युरोपियनांसाठी 94. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावायचा, श्वास नेहमीसारखा सोडायचा आणि मग वाचायचं. पोट आत ओढून घेतलेलं माप धरत नाहीत, आणि पँटचा नंबर सांगायचा नाही, ती बऱ्याच जणांची पोटाच्या खाली बसते.