पार्श्वभूमी : भारताचा बीच सॉकर संघ आणि विदर्भातली रेती

मार्च २०२५ मध्ये थायलंडच्या पट्टायात भारताचा बीच सॉकर, म्हणजे रेतीवरच्या फुटबॉलचा, संघ आशियाई करंडकासाठी उतरला. त्याआधी तो या स्पर्धेत खेळला होता २००७ साली. अठरा वर्षांनी पुन्हा उतरल्यावर गटात यजमान थायलंड, कुवेत आणि लेबनॉन होते आणि भारताला बाद फेरी गाठता आली नाही. मधल्या काळात जे अठरा वर्षांचे होते ते छत्तीसचे झाले. त्यांना या स्पर्धेत भारताची जर्सी घालायची संधीच आली नाही.

खेळाचे नियम १९९२ मध्ये ठरले. १९९५ पासून रिओत जागतिक स्पर्धा भरू लागली, २००५ मध्ये ती फुटबॉलच्या जागतिक संघटनेकडे गेली आणि पुढच्याच वर्षी आशियाई स्पर्धा सुरू झाली. २००५ पूर्वीच्या दहा स्पर्धा, ज्यांतल्या नऊ ब्राझीलने जिंकल्या, धरायच्या की नाही यावर अजून दोन हिशेब चालतात, म्हणून ब्राझीलच्या नावापुढे कुठे सात तर कुठे सोळा असा आकडा दिसतो.

आपल्याकडे खरा गोंधळ मात्र ‘बीच’ या शब्दाने केला आहे. बीच म्हणजे समुद्र, म्हणून हा खेळ कोकण, गोवा, केरळचा, असं गृहीत धरून विदर्भातल्या मैदानांवर त्याचा विचारच झाला नाही. नियमांत समुद्राची अट नाही. अट आहे रेतीची : किमान ४० सेंटीमीटर खोल, बारीक, सपाट, खडे-शिंपले नसलेली. २००९ च्या जागतिक अंतिम सामन्यात ब्राझीलसमोर स्वित्झर्लंड होतं, २०२५ च्या अंतिम सामन्यात बेलारूस. दोन्ही देशांना समुद्रकिनारा नाही. २०२३ च्या सुरुवातीला सुरतच्या डुमस किनाऱ्यावर पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. तिचा अंतिम सामना केरळने १३-४ असा जिंकला, आणि हरलेला संघ होता पंजाब. ज्या राज्याला समुद्रच नाही ते अंतिम फेरीत पोहोचतं, याची जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही.

आता रेतीचं गणित. मैदान ३५ ते ३७ मीटर लांब, २६ ते २८ मीटर रुंद. लहानातलं लहान मैदान घेतलं आणि चारही बाजूंना एकेक मीटर सोडला, तर ३७ × २८ मीटर जागेत ४० सेंटीमीटर भर म्हणजे सुमारे ४१४ घनमीटर. ब्रासमध्ये (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) १४६. ट्रॉलीत एक ब्रास धरला तर ट्रॅक्टरच्या १४६ खेपा, शिवाय चाळणीत जाणारी तूट वेगळी. बांधकामाची जाडी रेती तशीच टाकली की अनवाणी तळव्याची साल निघते, कारण बूट घालायला परवानगी नाही. क्रशरची कृत्रिम रेती धारदार असते, ती तर टाळलेलीच बरी. आणि काळ्या मातीवर थेट रेती ओतली तर पहिल्याच पावसाळ्यात माती फुगून वर येते, रेतीत मिसळते आणि उन्हाळ्यात कडक पापुद्रा धरते. मग ते मैदान रेतीचं राहतच नाही. खाली मुरूम, पाण्याला उतार आणि मध्ये जिओटेक्स्टाईलचं, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं, कापड लागतंच.

रॉयल्टी आणि वाहतुकीचा हा खर्च एखाद्या तालुक्याच्या क्लबला झेपणारा नाही. त्यापेक्षा उन्हाळ्यात उघडं पडणारं वैनगंगेचं किंवा कन्हानचं पात्र जवळचं. तिथे रेती उचलायची नसते. जाळीच्या चाळणीने वरचा थर चाळायचा, गोटे आणि काचा वेचायच्या, दाताळ्याने सारखं करायचं. दाबायचं मात्र नाही. ८ ते १० सेंटीमीटर रुंद पट्ट्या खुंट्यांना ताणून बांधल्या की रेषा झाल्या. मधली रेषा आखतच नाहीत, दोन्ही बाजूंना लाल झेंडे लावतात. गोल साडेपाच मीटर रुंद, २.२ मीटर उंच. विदर्भाच्या उन्हात सकाळी आठनंतर त्या रेतीवर पाय ठरत नाही, म्हणून सराव पहाटे.

गवतावरचा चांगला खेळाडू रेतीवर चांगला ठरेलच असं नाही. जोर लावून निघाला की पाय रुततो, आणि जमिनीवरून दिलेला पास दोन हातांच्या अंतरावर थांबतो. चेंडू पायाच्या बोटांनी वर उचलून हवेतच पुढे द्यावा लागतो. पाचजणांचा संघ, बारा मिनिटांचे तीन भाग, बदली कितीही. फ्री किकला भिंत नसते, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्यातला प्रत्येक फाऊल म्हणजे गोलकीपरसमोर सरळ संधी. सामना बरोबरीत सुटत नाही : वेळेत जिंकला तर तीन गुण, जादा वेळेत दोन, पेनल्टीवर एक. गवतावरची घसरून चेंडू काढायची सवय इथे महागात पडते, आणि ती एका शिबिरात सुटत नाही.

सुरतनंतर वेग आला. २०२३ च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत हा खेळ होता, सुवर्ण पुन्हा केरळला मिळालं. पट्टायाहून संघ परतल्यावर दोन महिन्यांच्या आत, मे २०२५ मध्ये, दीवच्या किनाऱ्यावरच्या खेलो इंडिया स्पर्धेतही तो पदकासाठी खेळला गेला. जूनच्या पहिल्या पुरात मात्र विदर्भातली पात्रातली मैदानं वाहून जातात, आणि पाणी ओसरेपर्यंत पोरांना पुन्हा गवतावरच जावं लागतं.